कोळी भिंतीवरचा, नाव बाटलीतलं

सोलापूरच्या पूर्व भागात माझा एक यंत्रमागवाला मित्र आहे. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि माझ्याशी बोलताना दोन्हींची मिसळ. गेल्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या बेतात असताना त्यानं मोबाइलवर एक फोटो पाठवला. कारखान्याच्या चुना लावलेल्या भिंतीवर करड्या रंगाचा, तुरीच्या दाण्याएवढा कोळी. समोर दोन टपोरे डोळे, जणू फोटो काढणाऱ्यालाच निरखून बघतोय. खाली एक ओळ: 'असला कधी बघितला नाही बे. नवीन आहे का? पेपरला देऊ?'

तेलुगूत कोळ्याला 'सालेपुरुगु' म्हणतात. साले म्हणजे विणकर, पुरुगु म्हणजे किडा. एकाच प्राण्यात मराठीला जाळं टाकणारा कोळी दिसला आणि तेलुगूला माग चालवणारा साळी. आमच्या गावात दोन्ही नावं चालतात. गंमत अशी की फोटोतल्या प्राण्याला दोन्ही लागू पडत नव्हती. तो उड्या मारून शिकार करणाऱ्या कुळातला. हे कोळी भक्ष्यासाठी जाळं विणत नाहीत. धागा काढतात तो उडी मारताना पाठीशी दोर असावा म्हणून, नाहीतर झोपायला नि अंडी ठेवायला छोटीशी पिशवी करण्यापुरता. शिवाय आठ पाय, म्हणजे कीटकही नव्हे.

मी त्याला उलट तीन प्रश्न विचारले. वयात आलाय का? नर की मादी? आणि आत्ता आहे कुठे, भिंतीवर की बाटलीत? त्यावर त्यानं हसणारे चेहरे पाठवले. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. कोळी नवा आहे की जुना, हे ठरवताना याच तीन प्रश्नांपासून सुरुवात होते, आणि बहुतेक वेळा तिथेच गाडी अडते.

आधी 'नवीन' म्हणजे काय ते बघू. 'नव्या प्रजातीचा शोध' अशी बातमी वाचली की वाटतं, कुणीतरी दगड उचलला, खाली कधीच न पाहिलेला जीव दिसला आणि काम झालं. खरं तर तो कोळी तिथे लाखो वर्षं नांदतोय. नवी असते ती फक्त दप्तरातली नोंद. सातबाऱ्यावर चढलं नाही म्हणून शेत नसतं असं थोडंच आहे? नवी जात म्हणजे ज्याचा उतारा आजवर निघालेला नाही असं शेत. त्यामुळे तुम्हाला सिद्ध काय करायचं असतं, तर हा उतारा कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत, कुणीच आधी काढलेला नाही. 'मी कधी बघितला नाही' हा पुरावा होत नाही. मी तर पंढरपूरला जाणारी प्रत्येक गाडीही बघितलेली नाही.

हे दप्तर जुनं आहे. स्वीडनच्या कार्ल क्लर्कनं आपल्या देशातल्या कोळ्यांवर १७५७ साली पुस्तक काढलं. प्राण्यांच्या नावांचा कारभार लिनियस या शास्त्रज्ञाच्या १७५८ च्या ग्रंथापासून सुरू झाला असं धरतात, पण क्लर्कच्या पुस्तकाला खास सवलत आहे. ते १ जानेवारी १७५८ ला निघालं असं नियमानंच मानलं जातं आणि त्यातल्या नावांना लिनियसच्याही आधीचा मान मिळतो. तेव्हापासूनची सगळी नावं आज स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या देखरेखीखाली एका ऑनलाइन सूचीत आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्या सूचीत पन्नास हजारावी जात चढली. तीही दक्षिण ब्राझीलमधल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याची. या एका कुळातच सहा हजारांहून जास्त जाती आहेत. मित्राच्या भिंतीवरचा कोळी 'नवीन' म्हणायचा तर या सहा हजारांतला तो नाही, हे दाखवावं लागणार.

आता रंगाबद्दल. रंग फसवतो. माणूस पहिल्यांदा रंगच बघतो, म्हणून हा सगळ्यात मोठा खड्डा. आपल्याकडे घराच्या भिंतींवर एक अगदी नेहमीचा कोळी असतो, प्लेक्सिपस पायकुली. नर काळाभोर, पाठीवरून पांढरे पट्टे, एखाद्या बँडवाल्याच्या गणवेशासारखा. मादी मळकट तपकिरी-करडी. शेजारी शेजारी बसवले तर शंभरातले नव्वद लोक शपथेवर सांगतील की हे दोन वेगळे प्राणी आहेत. त्यात पिल्लं आईसारखी दिसतात. आणि नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला की रंग दिवसेंदिवस उडत जातो तो वेगळाच.

मित्राला हे पटवायला मला चादर मदतीला आली. बाहेरून आलेली नक्कल आणि खरी सोलापुरी चादर तो कशी ओळखतो? रंग बघून नव्हे. रंग कुणीही मारेल. तो चादर उलटी करतो, बोटांनी चाचपतो, ताणा-बाणा कसा बसलाय ते बघतो. कोळ्याचंही तसंच. वीण बघायची. आणि कोळ्याची वीण म्हणजे, स्पष्टच सांगायचं तर, त्याची जननेंद्रियं. इथे लाजून चालत नाही.

नराच्या तोंडाशेजारी पायांसारखे दोन आखूड अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. पूर्ण वाढलेल्या नराचे पाल्प टोकाला फुगलेले, मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे. निसर्गातली ही एक विचित्रच योजना आहे. शुक्राणू तयार होतात पोटात, पण पाल्पाशी त्यांचा आतून काहीच संबंध नाही. म्हणून नर आधी एक चिमुकली जाळी विणतो, पोटाखालून त्यावर थेंब सोडतो आणि मग पिचकारी भरावी तसा तो थेंब पाल्पात ओढून घेतो. एवढी तयारी करून मग तो मादीच्या शोधात निघतो. पाल्पाच्या टोकाला एक नळी असते. कुणाची सुईसारखी सरळ, कुणाची घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. बाजूला आकडे, काटे, फुगवटे. मादीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला, याला जुळणारी एक कडक चकती असते, एपिगाइन. तिच्यावर छिद्रं, आतून वळणावळणाच्या नळ्या आणि शुक्राणू साठवायच्या पिशव्या.

या रचना जातीगणिक वेगळ्या असतात आणि एका जातीत बहुतेक सारख्याच राहतात. कुलूप-किल्लीचा दाखला यासाठी फार वापरतात: परक्या जातीची किल्ली कुलपात बसू नये म्हणून ही तजवीज. दाखला सोपा आहे, पण गोष्ट एवढी सरळ नसावी. बऱ्याच अभ्यासकांच्या मते माद्यांच्या पसंतीमुळेही या अवयवांचे आकार पिढ्यान्पिढ्या झपाट्यानं बदलत गेले. कारण काहीही असो, ओळख पटवायला याहून भरवशाची खूण कोळ्याच्या अंगावर नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रिवाजानं डावा पाल्प सोडवून त्याचं चित्र काढतात, खालून एक, बाजूनं एक. मादीची चकती कापून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवली की मऊ मांस विरघळतं आणि आतल्या नळ्या काचेवर दिसायला लागतात. चार मिलिमीटरच्या प्राण्यातली अर्ध्या मिलिमीटरची चकती. हात थरथरला की संपलं.

म्हणून माझा पहिला प्रश्न, वयात आलाय का. कोळी कात टाकत टाकत वाढतो, आणि हे अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण उमटतात. त्याआधीच्या नराचे पाल्प फुगलेले दिसतात खरे, पण बंद कळीसारखे. आतलं काही वाचता येत नाही. पिल्लू हातात घेऊन जगातला सर्वांत मोठा तज्ज्ञही फार तर कूळ सांगेल, जमलं तर त्याच्या खालचा गट. जात सांगणं अवघड. मोबाइलवरच्या बहुतेक 'नव्या' कोळ्यांची गाडी इथेच थांबते.

बाकीची मोजमापं तुलनेनं कंटाळवाणी आहेत, पण करावी लागतात. डोळे किती आणि कसे मांडलेत, यावरून कूळ कळतं: लांडगा कोळ्याचे आठ डोळे चार, दोन, दोन अशा ओळींत, उडी मारणाऱ्याचे समोरचे दोन मोठे, काही कुळांत डोळेच सहा. मग डोकं-छातीची लांबी-रुंदी, पायांचा एकेक सांधा मिलिमीटरच्या शतांशापर्यंत, पायावरचे काटे. सगळ्यांत लांब पाय कोणता, त्याखालोखाल कोणता, असे आकडे ओळीनं लिहितात. '४१३२' लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, चौथी जोडी सर्वांत लांब, दुसरी सर्वांत आखूड. लॉटरीच्या तिकिटावरचा नंबर वाटतो.

दुसरी गोष्ट बाटलीची, आणि बाटलीपेक्षाही तिच्यातल्या चिठ्ठीची. आमच्याकडे माळरानावर, नान्नजच्या बाजूला, गवतात नि दगडांखाली बारीक कोळी पुष्कळ. (तिथल्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) गोळा करायची साधनं घरगुतीच. छत्री उलटी धरायची, बोरीची फांदी काठीनं झटकायची, छत्रीत काय पडतं बघायचं. जमिनीत प्लॅस्टिकचा ग्लास काठोकाठ पुरून ठेवायचा. रात्री कपाळाशी विजेरी धरली की लांडगा कोळ्याचे डोळे गवतात चमकतात, पडलेल्या टिकल्यांसारखे. सापडलेला कोळी अल्कोहोलमध्ये जातो: साधारण सत्तर टक्क्यांच्या, डीएनए काढायचा असेल तर त्याहून खूप तीव्र. मारल्याशिवाय नाव देता येत नाही, हे मला अजूनही थोडं खुपतं. खोटं कशाला बोला.

चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची, पेन्सिलनं किंवा न विरघळणाऱ्या शाईनं लिहून: राज्य, जिल्हा, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुणी पकडला, कसा पकडला. माझी पहिली चिठ्ठी मी बॉलपेननं लिहिली होती. आठवड्यात ती कोरी झाली आणि अल्कोहोल निळं. त्या बाटलीतला कोळी आता कुठलाच नाही. चिठ्ठी गेली की नमुना म्हणजे नुसतं भिजलेलं कलेवर.

जागेची नोंद किती महत्त्वाची, याची कथा आपल्याच लोहमार्गावर आहे. सोलापूरहून चेन्नईकडे निघालेली गाडी वाडी, रायचूर, गुंतकल करत गुत्तीला पोचते. या गुत्तीतल्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निळ्याधमक रंगाचा एक मोठा, केसाळ कोळी सापडला. लंडनमधल्या पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञानं १८९९ साली त्याचं वर्णन छापलं: पीसिलोथेरिया मेटॅलिका. जागा म्हणून गुत्ती नोंदलं गेलं. पुढे शंभर वर्षं तो कुणा अभ्यासकाला दिसला नाही. २००१ साली पुन्हा सापडला तेव्हा कळलं की त्याचं खरं घर गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नंद्याळ बाजूच्या जंगलात आहे. वखारीत तो बहुधा ओंडक्यांबरोबर आला असावा. पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आजही जगभर त्याला 'गुत्तीचा कोळी' म्हणतात. प्रवाशाचा पत्ता म्हणून स्टेशनचं नाव लिहावं, तसं झालं.

समजा, नर आणि मादी दोन्ही पूर्ण वाढलेले मिळाले, चिठ्ठी ठीक, चित्रं तयार. आता खरं काम सुरू होतं, आणि ते शेतात नव्हे, कागदात. तुमच्या कोळ्याशी जवळचं नातं असलेल्या प्रत्येक जातीचं मूळ वर्णन काढून ताडून बघायचं. भारतातल्या कोळ्यांवरचा पोकॉकचा ग्रंथ १९०० चा. त्यातली वर्णनं कित्येक ठिकाणी मोजक्या ओळींची, पाल्पाचं चित्र असेलच असं नाही. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या डॉ. बी. के. टिकादर यांनी शेकडो जाती नोंदवल्या. १९६३ साली महाराष्ट्र आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या कोळ्यांवर लिहिलं, १९८० आणि १९८२ साली मोठे खंड काढले. हे काम प्रचंड आहे. तरी त्या काळच्या रेखाचित्रांवरून आज शंका फिटत नाहीत, तेव्हा मूळ नमुनाच बघावा लागतो. तो कोलकात्यात असेल, लंडनला असेल, पॅरिसला असेल, किंवा हरवलेला असेल.

ही पायरी टाळली की काय होतं? एकाच कोळ्याला दोन नावं लागतात. एकानं नराचं वर्णन केलं, दुसऱ्यानं दुसऱ्या देशात मादीचं, आणि दोघांनाही वाटलं आपला नवीन. पुढे कुणीतरी ताळा जमवतो, मग जुनं नाव राहतं आणि नवं रद्द होतं. आपला भिंतीवरचा प्लेक्सिपस जहाजांतून, मालातून उष्ण देशांत सगळीकडे पसरला, त्यामुळे त्याला ठिकठिकाणी इतकी नावं मिळाली की यादी करायला बसावं लागेल. शास्त्रीय नावापुढे लेखक आणि साल लिहितात, ते कधी कंसात असतं, कधी नसतं. कंस दिसला तर समजायचं, मूळ नोंद दुसऱ्या प्रजातीत, म्हणजे जातीच्या वरच्या गटात, होती, मागाहून फेरफार झाला. तलाठ्याला हे लगेच कळेल.

मध्येच एक शब्दांचा घोळ निस्तरतो. मराठी शास्त्रीय परिभाषेत प्रजाती म्हणजे मोठा गट, आणि जाती त्याच्या आतली. वर्तमानपत्रं सर्रास 'नवी प्रजाती' लिहितात तेव्हा त्यांना 'नवी जाती' म्हणायचं असतं. शास्त्रीय नावात आधी प्रजाती, मग जाती, शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी येतं तसं. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर रोजच आडनाव पुढे असतं, त्यामुळे मित्राला हे दोन सेकंदांत समजलं.

डीएनएचं काय, हा प्रश्न हमखास येतो. पेशीतल्या एका ठराविक जनुकाचा साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचतात आणि जागतिक साठ्याशी ताडतात. विसंगत नर-मादीची जोडी जुळवायला किंवा पिल्लू कुणाचं ते ओळखायला हे फार उपयोगी. पण भारतातल्या कितीतरी कोळ्यांची अक्षरं त्या साठ्यात मुळी गेलेलीच नाहीत. जुळलं नाही म्हणजे नवीन, असा अर्थ काढला तर पुन्हा 'मी कधी बघितला नाही' इथेच येतो आपण, फक्त जास्त पैसे घालवून.

नाव ठेवणं हा सगळ्यांना आवडणारा भाग. लॅटिन व्याकरण सांभाळायचं. पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर शेवटी 'ई', स्त्रीच्या नावावरून 'ए', अनेकांच्या नावावरून 'ओरम'. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला आयसियस तुकारामी नाव दिलं गेलं, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. काटेरी झुडपांवर मळक्या कापसासारखी मोठी घरटी करून शेकड्यांनी एकत्र राहणारा कोळी तुम्ही पाहिला असेल, तो स्टेगोडिफस सारासिनोरम. सारासिन आडनावाचे दोघे भाऊबंद, म्हणून 'ओरम'. सचिन तेंडुलकरचं नाव २०१९ साली एका कोळ्याला मिळालं, त्याला तर शेपूटही जोडलं नाही. गावावरून ठेवायचं असेल तर 'एन्सिस': सोलापुरेन्सिस. प्रजातीचं नाव नपुंसकलिंगी असेल तर सोलापुरेन्से. स्वतःचं नाव ठेवायला नियमाची बंदी नाही, पण तसं केलं तर लोक हसतात.

एवढं झालं की लेख छापायचा. नियम हळूहळू कडक होत गेलेत. १९३० नंतरच्या नावासाठी इतरांपासून वेगळेपणा कशात, हे लिहिणं आवश्यक झालं. १९९९ नंतर एक विशिष्ट नमुना 'होलोटाइप' म्हणून ठरवणं, तो कुठे ठेवलाय ते सांगणं आलं. २०११ नंतर फक्त ऑनलाइन छापायचं असेल तर झूबँक नावाच्या नोंदवहीत आधी नोंद हवी. होलोटाइप म्हणजे एकच कोळी, एकाच बाटलीत. नाव कायमचं बांधलं जातं ते या एका देहाला. उद्या वाद झाला, चित्र चुकलं, लेखक गेला, तरी त्या बाटलीतला कोळी जो असेल तो त्या नावाचा मालक. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना सरकारनं ठरवलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे, तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात.

आणि शिक्का कोण मारतं? कुणीच नाही. ही जात खरंच नवी आहे असा दाखला देणारं कार्यालय जगात कुठेही नाही. तुम्ही दावा मांडता, जाणकार तपासून छापू देतात, आणि मग कुणीही, कधीही तो खोडू शकतो. यामुळेच लोक घाई करत नाहीत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात सगळ्या प्रकारच्या सजीवांचा हिशेब काढला होता: नमुना पहिल्यांदा गोळा झाल्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं. म्हणजे उद्याचे बरेचसे 'नवे' कोळी आज कुठल्या तरी कपाटात बाटलीत बसलेत.

मित्राचा कोळी कपाटात गेला नाही. माझ्या तीन प्रश्नांनी तो इतका चिडला की त्यानं शेंगा चटणीच्या रिकाम्या बरणीला भोकं पाडली, कोळी आत घातला आणि दर दोन-तीन दिवसांनी केळ्याच्या सालींवरच्या बारीक माश्या सोडू लागला. जुलैत त्यानं कात टाकली. पुन्हा टाकली. ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी फोन आला, मागे मागांचा खडखडाट. 'अरे, रातोरात काळा झाला की हा! पांढरे पट्टे पण आलेत.'

प्लेक्सिपस पायकुली, नर. १८२६ पासून दप्तरात आहे.

थोडा वेळ नुसता खडखडाट ऐकू आला. मग त्यानं विचारलं, 'मग याची बायको ती मळकी करडी का? ती तर मीटरच्या डब्यावर रोज बसते.' संध्याकाळी त्यानं बरणी तिथेच नेऊन उघडली.